बरं वाटते

९ नोव्हेंबर

दामिनी मॅडमनं आज प्रयोगशाळेचं कपाट उपसलं. जुन्या प्रयोगवह्यांच्या गठ्ठ्यात एक वही कोरी निघाली. मॅडम म्हणाल्या, "शामलाताई, ही तुम्ही घ्या. दिवसभर जी बडबड करता ती यात लिहा, म्हणजे माझे कान वाचतील." घेतली. बावीस वर्षं झाली या शाळेत परीक्षानळ्या धुता धुता, कोणी काही द्यायची ही पहिलीच वेळ. वहीत उजव्या हाताले रेघांचं पान अन् डाव्या हाताले कोरं, आकृतीसाठी. मले कुठं आकृत्या काढायच्या आहेत, कोरं पान सोडून देते.

तं आजचं. सकाळी दार उघडलं अन् तिघं हमाल ओट्यावर कंबर धरून उभे. वाडीत जोवर गोदामं आहेत तोवर कंबरा भरत राहतीन, अन् माझ्या दारात माणसं येत राहतीन. मी पायाळू. मायच्या पोटातून डोक्याच्या आधी पाय आले माझे. पायाळू माणसानं उजवा पाय तीनदा लावला की पाठीतली चमक उतरते म्हणतात. हे काही मी नाही शोधून काढलं. लहानपणी ढग गरजला की माय मले घरात ओढून दार लावे, पायाळूवर वीज पडते म्हणून. वीज काही पडली नाही, माणसं मात्र रोज येतात.

पैसे मी घेत नाही. घेतले की गुण जाते. चिमूटभर साखर नाही तं नारळ, बस.

माझ्या पोरीच्या, मिनलच्या बाबाले हे बिलकुल पटत नाही. ते हैदराबाद लाईनवर ट्रक चालवतात, चार-पाच दिवसांनी घरी येतात, अन् दारात माणसं दिसली की तोंड फिरवून मागून जातात. विहारात अंधश्रद्धेवर भाषण असलं की पहिल्या रांगेत बसतात. भाषण देणारे साहेब मागच्या महिन्यात स्वतःच वाकडे होऊन मागच्या दारानं आले होते, हे मी त्याईले सांगतलं नाही. साहेबाले पाय लावला, साहेब म्हणाले बरं वाटते, अन् गेले.

१४ नोव्हेंबर

मिनलचा उजवा गुडघा दुखून राहिला. वीस वर्षाची पोरगी, पोलीस भरतीच्या मागं लागली आहे. पहाटे मैदानावर पळायले जाते, तिथून गोदामात, नऊ ते सहा उभ्यानं पार्सलं स्कॅन करते. फेब्रुवारीत मैदानी चाचणी आहे. आठशे मीटर पळायचं आहे, अन् तिच्या घड्याळात अजून अकरा सेकंद जास्त येतात. घरात दुसरा विषयच नाही, भाजीत मीठ कमी पडलं तरी अकरा सेकंद.

मी म्हणलं, चमक भरली असन, बस इथं. ओट्यावर बसवलं अन् गुडघ्याले तीनदा पाय लावला. पाय पाठीलेच लावतात खरं तं. पण चमक ते चमक, पाठ काय अन् गुडघा काय. नत्थू हमाल अन् आणखी दोघं पाहून राहिले होते.

"कसं वाटते?"

"बरं वाटते, आई," मिनल म्हणाली.

नत्थू म्हणे, "घरातच डॉक्टर हाय, पोरीले काय फिकीर." मले छान वाटलं, खोटं काहून लिहू. मिनल भिंतीले हात लावत लावत आत गेली. सकाळी सकाळी अर्धी झोपेतच असते.

२ डिसेंबर

थंडी पडली. मिनलचं अंग दुखते, हातापायाची हाडं दुखतात म्हणते. लहानपणापासून दर थंडीत हेच. दोन दिवस गोधडीत पडते अन् मंग आपोआप उठते. डोळेही जरा पिवळे दिसतात. गोदामाबाहेर त्या गाडीवरचे समोसे खाऊ नको म्हणून शंभरदा सांगतलं, ऐकते कोण.

गुडघ्याले रोज पाय लावून राहिली मी. रोज विचारते, रोज म्हणते बरं वाटते. मंग दुकानातून दुखायची गोळी काहून आणते समजत नाही. विचारलं तं म्हणे, पळून पळून सगळ्याच पोरी घेतात.

१९ डिसेंबर

मिनलचे बाबा काल आले अन् पोरगी लंगडून राहिली हे त्याईले एका मिनिटात दिसलं. तुले रोज दिसते म्हणून दिसत नाही का, असं म्हणाले. मी म्हणलं, तुम्ही पाच दिवसाचे पाहुणे, तुम्हाले सगळंच नवीन दिसते.

"लाथा मारून पोरी बऱ्या होत असत्या तं दवाखाने कशाले बांधले वं?" ते म्हणाले.

लाथ म्हणाले. आजवर माझ्या पायाले कोणी लाथ नाही म्हणलं. मी दिवसभर बोलली नाही. दुपारी ते तिले घेऊन गेले अन् गुडघ्याचा एक्स-रे काढून आणला. डॉक्टरनं पाहिला, गुडघा एकदम साफ. हाडाले काही नाही, थोडं कमी पळ म्हणे.

मी तो एक्स-रे खिडकीत उजेडाले धरला अन् त्याईले दाखवला. बोला आता. ते उठून बाहेर गेले. मिनलचा चेहरा मात्र उतरला होता. गुडघ्यात काही निघालं नाही याचं वाईट वाटलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. विचित्र पोरगी आहे.

८ जानेवारी

आज डोकं फिरलं माझं. भाजी घेताना रोशनी भेटली, मिनलच्या संगं मैदानावर जाणारी. म्हणे, "काकू, मिनल तं महिना झाला पळतच नाही. अर्धा चक्कर मारते अन् दगडावर बसून राहते. आमचं घड्याळ धरते."

म्हणजे पहाटे साडेचारले मी उठून चहा करून देते, तो दगडावर बसायले. घरी आली तशी धरली तिले. अकरा सेकंद अकरा सेकंद करून आमचा जीव खाल्ला अन् आता आळस आला का? बाप ट्रकवर मरून राहिला, मी बाटल्या घासून राहिली, अन् तू दगडावर बसून घड्याळ पाहते?

"होत नाही, आई."

"काहून होत नाही? रोज पाय लावते तं म्हणते बरं वाटते. बरं वाटते तं मंग पळायले काय झालं?"

ती ताट घेऊन स्टुलावर बसली अन् जेवली. आम्ही सगळे खाली बसतो, ही आताशा महाराणीसारखी स्टुलावर बसते. तेही सुनावलं मी. सगळंच सुनावलं, काही शिल्लक ठेवलं नाही. आता लिहिताना वाटून राहिलं की जरा जास्त झालं. पण चूक तिचीच आहे.

२१ जानेवारी

रात्र झाली, तरी आजच लिहिते.

शाळेत प्लास्टिकचा सांगाडा आहे. पोट्ट्यांनी त्याचं नाव धोंडबा ठेवलं. परवा कोणीतरी त्याची तंगडी ओढली अन् उजवा पाय खुब्यातून निखळला. आज सहावीले सांधे शिकवायचे होते, म्हणून मॅडम म्हणाल्या, शामलाताई, तुम्ही पाय धरून उभ्या राहा, स्क्रू नंतर लावू. बावीस वर्षं धोंडबाची धूळ मी पुसते, सांध्यात तेल मी टाकते, पण तो धडा कधी नीट ऐकला नाही. आज तंगडी हातात होती, कुठं जाऊ.

मॅडम म्हणाल्या, गुडघा म्हणजे बिजागरीचा सांधा. दाराला असते ना तशी बिजागरी. मागे दुमडतो, पुढे सरळ होतो, बस, त्याला दुसरं काही येत नाही. खुबा म्हणजे उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाच्या टोकाला गोळा असतो, तो कमरेच्या हाडाच्या खळग्यात बसतो अन् सगळीकडे फिरतो. मंग मले म्हणाल्या, पाय मांडी घातल्यासारखा करून दाखवा. मी दुमडला. गुडघा दुमडला, पण मांडी काही झाली नाही, कारण वरचा गोळा सुटलेला होता. पाय नुसता लटकला. पोट्टे हसले. मॅडम म्हणाल्या, पाहिलं, मांडी घालायचं काम गुडघ्याचं नाही, खुब्याचं आहे. तळपाय दुसऱ्या मांडीवर ठेवायचा, तेही खुब्याचं.

अन् मले स्टूल आठवलं.

मिनल खाली बसत नाही. दिवाळीनंतर मी तिले मांडी घालून बसलेलं पाहिलं नाही. पायमोजा घालते तं पलंगावर पाय लांब करून, वाकून, बोटांनी ओढून. नखं माझ्याकडून कापून घेतली तं मी म्हणलं लाड करते. पण गुडघा? गुडघा तं ती सहज दुमडते. मी पाय लावते तेव्हा दुमडूनच बसते न माझ्यासमोर.

शाळा सुटल्यावर घरी आली. तिले पलंगावर झोपवलं. गुडघा छातीकडे दुमडला. दुमडला, टाच पार मांडीले टेकली. मंग तसाच दुमडलेला ठेवून पोटरी हळूच बाहेरच्या बाजूले नेली, म्हणजे वर खुब्यातला गोळा आत फिरावा. जरासाच. तिनं चादर मुठीत धरली, ओठ दातात दाबले.

"दुखते?"

"नाही," म्हणाली. डोळ्यातून पाणी कानात चाललं होतं.

२३ जानेवारी

सरकारी दवाखाना. आज तिघंही गेलो, तिच्या बाबांनी गाडी दुसऱ्याच्या हातात दिली. हाडाच्या डॉक्टरनं मिनलले झोपवलं अन् अगदी तेच केलं, गुडघा दुमडला अन् पाय फिरवला. मंग म्हणाले, गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याचाच फोटो काढला का? खुब्याची नसच गुडघ्याकडे जाते. खुब्यात बिघडलं की माणूस गुडघा दाखवतो. खुब्याचा एक्स-रे, मशीनमधला मोठा फोटो, रक्त, सगळं लिहून दिलं.

"किती दिवसांपासून?"

"अडीच महिने," मी म्हणलं.

"अडीच महिने काय उपचार केला?"

मी पिशवीत उगाच कागद शोधायले लागली. मिनलच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते बोलले असते तं बरं झालं असतं. पण मिनलच पटकन म्हणाली, "सर, दुकानातल्या गोळ्या घेत होती." तिनं मले वाचवलं अन् मी वाचली. एवढीशी पोरगी ती, तिच्या पाठीमागं मी लपली.

३१ जानेवारी

रिपोर्ट आले. डॉक्टरनं सांगतलं तसं लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही.

मिनलच्या रक्तात सिकलसेल आहे. माझ्या रक्तात अर्धं होतं, तिच्या बाबाच्या रक्तात अर्धं, आम्हा दोघांले कधी काही झालं नाही. तिच्यात दोन्ही आलं. रक्ताच्या गोल पेशी कधी कधी विळ्यासारख्या वाकड्या होतात अन् बारीक नळीत अडकतात. थंडीतलं ते अंगदुखणं तेच. पिवळे डोळेही तेच. समोशांचा काही दोष नव्हता. वीस थंड्या मी तिले गोधडीत टाकून स्वयंपाक केला.

खुब्यातल्या गोळ्याले रक्त एकाच बारीक वाटेनं जाते, अन् ती वाट तुंबली. गोळ्याचं हाड आतून मरून राहिलं. अजून गोळा गोल आहे, बसला नाही. बसला की खळग्यात नीट फिरणार नाही, मंग सांधाच बदलावा लागते, अन् वीस वर्षाच्या पोरीले तो जन्मभर पुरत नाही. म्हणून आता हाडात बारीक भोक पाडून आतला दाब कमी करायचा. आधी रक्त चढवायचं. मंग दीड महिना उजवा पाय जमिनीले टेकवायचा नाही. गोळा राहीन की बसन, ते दर तीन महिन्यांनी फोटो काढल्यावर समजन.

मिनलनं एकच विचारलं. "सर, पळता येईल?"

डॉक्टर चांगला माणूस होता. त्यानं लगेच उत्तर दिलं नाही, म्हणजे तिले समजलं. मंग म्हणाला, चालणं वाचवू आपण आधी.

मी अडीच महिने बिजागरीले पाय लावत बसली. वर उखळीतला गोळा सुकून राहिला होता.

१२ फेब्रुवारी

परवा ऑपरेशन झालं. नीट झालं म्हणतात. मिनल वॉर्डात खिडकीजवळ आहे. आज दुपारी रोशनी येऊन गेली. मिनलनं पलंगाखालून पिशवी काढायले लावली. आत तिचे पळायचे बूट. बाबांनी हैदराबादहून आणलेले, निळे. रोशनीले म्हणे, तुह्या मापाचे आहेत, चोवीस तारखेच्या चाचणीले घालून जा. रोशनी नाही नाही म्हणत रडायले लागली. मिनल नाही रडली. लेस कशी बांधायची ते तिले सांगत बसली, सुटत नाही म्हणे अशी बांधली तं.

रोशनी गेल्यावर मी विचारलं. दोन आठवडे हेच विचारायचं होतं.

"पहिल्या दिवशी पाय लावला, तेव्हा जरा तरी उतरलं होतं का वं?"

ती खिडकीकडे पाहत राहिली. "नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, आई."

"मंग रोज काहून म्हणत होती बरं वाटते?"

"दारात लोकं उभे राहत न. तुह्या पोरीलेच गुण नाही आला म्हणाले असते. तुले किती बरं वाटे ते आले की." मंग हळूच म्हणाली, "एक्स-रेत काही निघालं असतं तं मले बोलावं नसतं लागलं."

त्या दिवशीचा तिचा उतरलेला चेहरा मले आता समजला. मी खिडकीत एक्स-रे धरून नवऱ्याले हरवून राहिली होती. मी उठली अन् पाण्याची बाटली भरायले गेली. भरलेलीच होती. नळाखाली ओतली अन् पुन्हा भरली, मंग परत आली.

२२ फेब्रुवारी

मिनलले घरी आणून चार दिवस झाले. दार मी बंदच ठेवलं होतं. आज सकाळी नत्थूनं कडी वाजवली. कंबर धरून, हातात साखरेची पुडी. पाय लावा जी ताई, म्हणे.

मी म्हणलं, "नत्थू, आठ वर्षं येऊन राहिला तू. आज खरं सांग. पाय लावल्यावर उतरते का गा?"

"बरं वाटते जी," नत्थू म्हणाला.

तोच आवाज. शब्द तेच, अन् म्हणायची घाईही तीच, समोरच्याले वाईट वाटू नये म्हणून केलेली. मी इतके दिवस तो आवाज रोज सकाळी ऐकला अन् हातभर फुगून शाळेत गेली.

"माह्या पोरीची शपथ आहे तुले."

त्यानं पुडी या हातातून त्या हातात घेतली. "आता ताई, दोन घडी तुमच्या ओट्यावर आडवं पडलं की बरं वाटतेच न. तिकडे मुकादम बसू देत नाही. अन् तुम्ही पहाटेच्या उठून, आंग न धुता, आमच्यासाठी पाय लावता. नाही उतरलं म्हणावं काय तुम्हाले?"

मले राग यायले पाहिजे होता. आला नाही. मी त्याले ओट्यावर पडू दिलं, पाय लावला नाही. चहा आणून दिला. मंग विचारलं, मुंग्या येतात का पायात? कोणत्या बोटापर्यंत? खोकलल्यावर दुखते का? त्याले आठ वर्षांत कोणी हे विचारलं नव्हतं, मी तं नाहीच. डाव्या पायाचा अंगठा सहा महिन्यांपासून बधिर आहे म्हणे. सोमवारी मिनलचं ड्रेसिंग आहे, संगं चाल म्हणलं. साखरेची पुडी त्याच्याच खिशात घातली.

२४ फेब्रुवारी

आज चाचणी होती. सकाळपासून मिनल फोन हातात घेऊन पडली होती. साडेअकराले रोशनीचा आला. पळाली, वेळेत पळाली. मिनल फोनवर खूप हसली, तिले शाबास म्हणाली, लेस सुटली नाही न म्हणून विचारलं. फोन ठेवला अन् भिंतीकडे तोंड केलं.

मी खाली बसली, पलंगाजवळ, मांडी घालून. अन् मांडी घातली याचीच लाज वाटली. पाय लांब केले.

या वहीचं डावीकडचं पान उघडं होतं. वेळ जात नव्हता म्हणून मी त्यावर खुबा काढला. गोळा, खळगा, गोळ्याकडे जाणारी ती एक वाट. मॅडमसारखा नाही आला, गोळा जरा बटाट्यासारखा झाला. मिनलनं मान वळवून पाहिलं.

"हे काय आहे?"

"तुहा खुबा."

"असा आहे?"

"मी काढला म्हणून असा आहे. खरा गोल आहे अजून."

तिनं बराच वेळ ते चित्र पाहिलं. मी विचारलं, "कसं वाटते?"

"बरं वाट..." म्हणाली अन् थांबली.

मी पेन खाली ठेवला. बाहेर ट्रक मागं घ्यायचा आवाज येऊन राहिला होता, तो गेला.

"दुखते," मिनल म्हणाली.

"कुठं?"

तिनं पांघरुणाखालून हात काढला, अन् खुब्यावर नाही, मांडीवर नाही, चित्रातल्या गोळ्यावर बोट ठेवलं. "इथं. खूप दुखते, आई. नोव्हेंबरपासून दुखून राहिलं."

"सांग," मी म्हणलं. अन् ती पहिल्या दिवसापासून सांगायले लागली.